शून्य किलोमीटरची सुरक्षित चालक

तीर्थरूप मामांना,

तुमच्या पदवीधर भाचीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, आमच्या कक्षात आडवं व्हायला जागा नाही.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? मामींचा गुडघा? मामी फोनवर म्हणत होत्या, गुडघ्याचं सोड, दुसरं कुणी गाडी चालवत असलं की हे शेजारी बसून रिकाम्या जागी ब्रेक दाबत राहतात, त्यात यांचीच पोटरी आखडली. शेकत जा. इकडे आई-बाबा ठीक. बाबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र टीव्हीच्या वर लावलंय आणि आल्यागेल्याला ते मोठ्याने वाचायला लावतात. परवा सिलिंडरवाल्याने अर्ध्यातच माफी मागितली.

नोकरीचं विचाराल, तर घरातली पहिली पदवीधर सरकारात लागली आणि तीही भेदभाव निवारण कक्षात, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांवर कचेरीतच अन्याय झाला तर दाद मागायची जागा, याचा मला केवढा अभिमान वाटला होता! कक्ष म्हणजे मोडक्या खुर्च्यांची खोली. मी आले, पण खुर्च्यांची बदली झाली नाही. अधिकारी मी, कारकून मी, शिपाईही मीच, त्यामुळे निदान आमच्या कक्षात सर्वांना समान वागणूक आहे. पहिल्याच बैठकीत मोठे साहेब समानतेवर तासभर बोलले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, जरा चहाचं बघता का?” मी बघितलं. बघितल्यावर कळलं की तो आणायचाही होता.

पहिली तक्रार एका लेखापालांची. फिरता पंखा सगळ्यांकडे वळतो, त्यांच्याजवळ येतो आणि तोंड फिरवून माघारी जातो. आता दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही, असा नियम आहे. मी पंख्यासमोर बसून त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. (घरघर होती, पण सूर प्रामाणिक वाटला.) शेवटी लेखापालांची खुर्ची वीतभर सरकवून न्याय दिला, तर दुपारी शेजारच्या टेबलाची तक्रार आली.

पण मामा, या सगळ्यावर हसता येतं. एका प्रकरणावर मात्र हसू येतं आणि लगेच हसल्याची लाज वाटते. कार्यालयाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, कारण चौकशी गोपनीय आहे. तुम्ही आयुष्यभर गाड्यांच्याच कामात, म्हणून तुम्हाला विचारते.

एका कार्यालयात एक बाई ड्रायव्हर आहे. निवड परीक्षेत पहिली आलेली, अवजड वाहनाचा परवाना असलेली. ती रुजू झाल्यापासून तिथल्या वाहनप्रमुखांनी तिला शेडमधली एक जीप दिली आहे. जीपला इंजिन नाही. रोज सकाळी ती गणवेश चढवून येते, काचा पुसते, स्टिअरिंगमागे बसते आणि संध्याकाळी ‘शून्य किलोमीटर’ असं लिहून घरी जाते. मधल्या वेळात कुणाचा सत्कार निघाला की पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला तिलाच बोलावतात. चालत्या गाड्यांच्या किल्ल्या वाहनप्रमुखांच्या खुर्चीमागे खिळ्यांना लटकलेल्या असतात आणि त्या फक्त पुरुषांच्या हाती पडतात.

मी पाहणीला गेले. “चढा ना मॅडम, आत बसून बोलू,” ती म्हणाली, “गाडी काय पळून जाणारे?” मी बसले. तिने सवयीने आरसा नीट केला, माझं दार लागलंय का पाहिलं आणि मग समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं, “मुलगी रोज विचारते, आई, आज गाडी कुठे नेलीस? मी रोज नवीन गावाचं नाव सांगते. आता गावं संपत आलीत हो.”

वाहनप्रमुखांचा लेखी खुलासा असा: भेदभाव मुळीच नाही. गाडी सर्वांना दिली आहे तशी हिलाही दिली आहे. इंजिन वेगळं कुणालाच दिलं जात नाही. शिवाय एकही अपघात न केल्याबद्दल गेल्या वर्षीचं सुरक्षित चालकाचं प्रशस्तिपत्र हिलाच मिळालं आहे! (खरंच मिळालंय, मी पाहिलं.) मात्र गाडी चालवण्याचा अनुभव नसल्याने या महिन्याअखेर तिची ड्रायव्हरकी काढून तिला कायमचं स्वागतकक्षात, पुष्पगुच्छांवर, नेमावं, अशी शिफारस.

तक्रार आमच्यापर्यंत कशी आली, तेही ऐका. तक्रार वरिष्ठांच्या सहीनेच पुढे जाते. म्हणजे वाहनप्रमुखांविरुद्धची तक्रार वाहनप्रमुखांकडेच द्यायची. तिने दरवेळी दिली आणि त्यांनी दरवेळी ‘तक्रारदार खूश आहे’ असा शेरा मारून परत केली. शेवटी मोठ्या साहेबांच्या सत्कारात तिने पुष्पगुच्छाच्या दांड्यांत अर्ज खोचून दिला. साहेबांना वाटलं भाषण आहे. त्यांनी माइकवर निम्मा वाचला, त्यावर टाळ्याही पडल्या, आणि उरलेला निम्मा वाचून अर्ज आमच्या कक्षाकडे धाडला.

मामा, आमच्या शाळेत घंटा वाजवायचा मान फक्त मुलांना होता, तेव्हा मी रडत तुमच्याकडे आले होते. “रडू नकोस, लिहून दे,” असं म्हणत तुम्ही मला जन्मातला पहिला अर्ज सांगितलात. घंटा मिळाली. (मी ती इतक्या जोमाने वाजवली की शाळा तासभर आधी सुटली.) ज्या माणसाने मला हे शिकवलं, त्यालाच विचारते: अशा वाहनप्रमुखांचं काय करावं?

तुमची आज्ञाधारक (सुनावणीचा दिवस वगळून),
भाची

ता. क. गोपनीयतेचा नियम पत्राला लागू होतो. ताज्या कलमाबद्दल नियमपुस्तकात अवाक्षर नाही, मी नीट पाहिलं. म्हणून इथे लिहिते: ‘तक्रारदार खूश आहे’ याखालची सही मी लगेच ओळखली. बाबा गावाला गेले की माझ्या प्रगतिपुस्तकावर तीच असायची.

ता. क. २. नात्यातलं प्रकरण मी चालवू नये, म्हणून मी ते सोडायला निघाले होते. पण मी सोडलं की ते पर्यायी अधिकाऱ्याकडे जातं. यादी काढली. पर्यायी अधिकारी तुम्हीच आहात. तुम्ही स्वतःला निर्दोष सोडाल, इतका माझा तुमच्यावर विश्वास आहे. म्हणून नातं लेखी कळवून मीच ऐकणार. त्याआधी एखादी किल्ली खिळ्यावरून आपणहून उतरली, तर तुमच्या भाचीला बरं वाटेल. अधिकाऱ्यालाही.

ता. क. ३. सुनावणी गुरुवारी. तुम्हाला आणायला मोठ्या साहेबांची गाडी येईल. त्यांचे ड्रायव्हर रजेवर आहेत, म्हणून साहेबांच्याच सहीने त्या दिवसापुरती ती गाडी आपली तक्रारदार बाईच चालवणार आहे. येता-जाता पन्नासेक किलोमीटर तिच्या नावावर लागतील आणि संध्याकाळी मुलीला ती खऱ्या गावाचं नाव सांगेल. तुम्ही मागेच बसा. पुढे बसायचा हट्ट असेल तर पाय आखडून बसा. ब्रेक तिच्या बाजूला आहे.