लायफूची पुढची जागा

बाबा,

रताळ्याची पेज कुकरमध्ये गरम आहे, खाऊन घ्या. गल्लीभर स्कूटर शोधू नका, मी कामावर नेलीय.

काल तुम्हाला न विचारता ती बदलायला माझू देवीच्या देवळाजवळच्या दुकानात नेली होती, चुकलंच माझं. लायफू सवयीने स्कूटरवर पुढे, माझ्या पायाशी शेपूट हलवत उभा होताच. नव्या गाडीला तिथे जागाच एवढीशी, की म्हातारं कुत्रं तीनदा घसरलं आणि शेवटी जुनीवर जाऊन बसलं. दुकानदार हसला, मला रडू आलं. मी सौदा मोडला.

किल्ली मात्र आता माझ्याकडेच राहील. डॉक्टर तुमच्या हाताबद्दल काय म्हणाले, ते तुम्ही लपवलंत तरी मला कळलंय.

संध्याकाळी आनपिंग बंदरावर जाऊ. लायफू पुढे, तुम्ही मागे. ‘हळू चालव’ म्हणून ओरडायची पूर्ण मुभा.

यू-छिन