दुधाच्या पातेल्यातली सुरी

भावजी,

सुरीचा काळा रंग उतरवायचं औषध तुम्ही माझ्या दुधाच्या पातेल्यात ओतलंत, आणि काम झाल्यावर पातेलं नुसतं विसळून जागेवर ठेवलंत. आज मी त्यातच बाळीचं दूध तापवत होते. उग्र वास आला म्हणून पोर वाचली. तुम्ही पॉलिश पेपरने घासलेला भुगा अजून तिच्या झबल्यांवर आहे.

मी तिला घेऊन आईकडे चाललेय. फोन करू नका. मी बॅग भरत होते, तेव्हा तुमचे भाऊ पातं उजेडात धरून मला म्हणाले, “चकाकी काय सुरेख आलीय, बघ तरी!”

बघितली. आता तुम्ही दोघं बघत बसा.

वहिनी