रणपिसे हवालदार

कोल्हापूर,
६ जानेवारी २०२५

ती. सयाजीकाकांस,
निशिगंधाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की काकू स्पीकर लावते आणि सगळी गल्ली ऐकते, म्हणून पत्र. माझं लग्न ठरायच्या बेतात आहे. मुलगा आदर्श, आमच्याच बँकेतला. मला तो मनापासून आवडलाय. अडचण एकच, ते रणपिसे आहेत.

तुमच्या जत्रेच्या नाटकात बावीस वर्षं जो हवालदार कोंबड्यांच्या खुराड्यात लपतो, तोही रणपिसेच. आदर्शचे वडील विजयसिंह निवृत्त सुभेदार आहेत, आणि बाबांनी त्यांना यंदा जत्रेचं आमंत्रण देऊन ठेवलंय. ते पुढच्याच खुर्चीत बसणार. काका, हवालदाराचं नाव बदला, नाहीतर माझं जमलेलं मोडेल.

आजवर तरी तुमची लाडकी,
निशिगंधा

मुरगूड,
११ जानेवारी

चि. निशिगंधास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घाम फुटला. अगं, रण म्हणजे लढाई आणि पिसं म्हणजे वेड. जुन्या अभंगांत देवाचं पिसं लागतं, तसं यांना लढाईचं. असल्या नावाचा माणूस खुराड्यात शिरला की लोक पोट धरून हसतात. माझ्या सगळ्या लिखाणात ही एवढीच गोष्ट बरी साधली होती, त्यामुळं वाईट वाटतं. पण पुतणीपुढं वाङ्मय काय घेऊन बसायचं?

नाव बदललं. दुसऱ्या कुणाचं घातलं तर भांडण, म्हणून आपलंच घातलं, हवालदार चौगले. तुझी काकू दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. हवालदाराचं काम करणारा आकाराम कुरकुरतोय की जुन्या नावाशिवाय त्याचा पळायला पायच उचलत नाही.

तुझ्या लोभापायी चौगल्यांची अब्रू घालवलेला,
सयाजीकाका

मुरगूड,
१७ फेब्रुवारी

चि. निशिगंधास आशीर्वाद.

जत्रेला तू आली नाहीस ते बरं केलंस. आकारामनं नाव चोख घेतलं. पण मी संहिता बदलली, गाव बदलायचं राहिलं. तो खुराड्याकडं धावला आणि सगळा मांडव सवयीनं ओरडला, 'पळ रणपिसे, पळ!'

सुभेदार उठले आणि थेट रंगमंचावर गेले. मी पडद्यामागं हात जोडून उभा. त्यांनी आकारामला कान धरून बाहेर काढलं, माईक घेतला आणि म्हणाले, "रणपिसे पळत न्हाय. पळाला त्यो चौगले हाय, मी नाव नीट ऐकलंय."

एवढा हशा मला बावीस वर्षांत मिळाला नव्हता. नंतर जेवताना त्यांनी पुढच्या वर्षी हवालदाराचं काम मागितलं. आता आकाराम रुसलाय.

तुझा,
सयाजीकाका

कोल्हापूर,
२ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

काल सुपारी फुटली. बैठकीत सुभेदारांनी सगळ्यांदेखत विचारलं की आता तरी पळपुट्यांचं आडनाव सोडणार ना. मी उभी राहून सांगितलं की लग्नानंतरही मी चौगलेच राहणार. बाबांनी डोळे मिटून घेतले, आदर्श चहाच्या कपात बघत बसला.

सुभेदार उठून माझ्यासमोर आले. मग म्हणाले, "आडनाव कायबी लाव पोरी. आमच्यात खरी रणपिसे तूच हाईस."

काकूला हे पत्र गल्लीला वाचून दाखवायला माझी हरकत नाही. माया अशीच असू द्या.

तुमची,
निशिगंधा चौगले