चाळीस टनांचा रणगाडा आणि सुपारीएवढा दगड

३ सप्टेंबर २०२५, बुधवार. संध्याकाळी ७.४०

लोहदल गेमचा नवा अपडेट आला. दीड जीबी. घेतला. पहिल्याच सामन्यात माझा रणगाडा सपाट रस्त्यावर उलटला. कारण, सुपारीएवढा दगड.

चाळीस टनांचा रणगाडा! मी देवळीत एकोणीस वर्षं बारावीला फिजिक्स शिकवतो. हे होऊ शकत नाही.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी नोंद पूर्ण असावी, ही प्रयोगशाळेची सवय. तर, लोहदल म्हणजे मोबाइलवरचा ऑनलाइन युद्धाचा गेम. चौघांची टीम, प्रत्येकाला एक गाडी. आमची टीम देवळी बटालियन. कॅप्टन मी, कृष्णकांत, वय ४७. रक्षा आमच्या कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. कैलास माझा जुना विद्यार्थी, वडनेरला शेती करतो. आणि शेजारचे रूपरावजी, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर.

आज सगळ्यांच्याच गाड्या बिघडल्या. कैलासची चिलखती गाडी ब्रेक मारल्याबरोबर बेडकासारखी उडाली. रूपरावजींचा ट्रक नाल्यात न पडता नाल्यावर तरंगला. म्हणजे दोष गेममध्ये आहे, माझ्यात नाही. नोंद करून ठेवतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

रक्षा म्हणाली, सर, तुमचा रणगाडा अपडेटच्या आधीही उलटायचा. शेवटच्या चौदा सामन्यांत अकरा वेळा. तिला समजावलं की तेव्हाची कारणं वेगळी होती. नेटवर्क. स्क्रीनगार्ड. डावा अंगठा. शिवाय चौदा हे सॅम्पल फार लहान. तिने मान हलवली. पटलं असावं.

संकल्प: कंपनीला रीतसर बग रिपोर्ट पाठवायचा. रोज एक तास सराव. चिडायचं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. मुलांनी पेन दिलं. मी त्यांना घर्षण दिलं. फळ्यावर रणगाडा काढून दाखवला की सुपारीएवढ्या दगडाने तो उलटायचा असेल तर दगडाचं वजन किती हवं. मुलं थक्क. शेवटच्या बाकावरून एकाने विचारलं, हे बोर्डाला येतं का. सराव राहिला.

७ सप्टेंबर, रविवार

मोठी बातमी. लोहदलची जिल्हा स्पर्धा. आधीच्या फेऱ्या घरूनच, फायनल २८ तारखेला वर्ध्याला, एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर.

मीराला सांगितलं. ती म्हणाली, फायनलला पोचलात तर मी येईन. दोन वर्षं बायको शेजारच्या खोलीतून फक्त माझं ओरडणं ऐकते आहे. एकदा बघायचं आहे म्हणे, एवढं होतं तरी काय.

आता पोचायलाच हवं. सराव उद्यापासून.

१० सप्टेंबर, बुधवार

रिपोर्ट पूर्ण. अडतीस पानं, इंग्रजीत, नऊ आलेख. मीराने स्पेलिंग तपासलं आणि विचारलं, हे कोणी वाचेल का. मी म्हटलं, तिकडे इंजिनिअर बसलेले असतात.

पाठवला ५.१२ ला. उत्तर आलं ५.१६ ला. 'आपली तक्रार मिळाली आहे.' अडतीस पानं चार मिनिटांत! कामाची अशी आच असलेले लोक अजून आहेत.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी रूपरावजी चहाला आले ते शोध घेऊनच. त्यांचं म्हणणं, अपडेटनंतर गेममधला रस्ता हुबेहूब पावसाळ्यातल्या काळ्या मातीसारखा वागतो. अशा रस्त्यावर वळणाच्या खूप आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घ्यायचा. गाडी घसरली की घसरेल तिकडेच स्टिअरिंग वळवायचं आणि तिला घसरू द्यायचं.

"हे रस्ते तं मी एकतीस वर्षं चालवले, सर," ते म्हणाले. "ब्रेकवर पायच नाई ठेवायचा."

रक्षा आणि कैलासने दुपारी करून पाहिलं. एकाचीही गाडी उलटली नाही.

मी नकार दिला. प्रश्न जिंकण्याहरण्याचा नाही. चुकीच्या भौतिकशास्त्राशी जुळवून घेणं म्हणजे त्याला मान्यता देणं. मी पगार न्यूटनच्या नियमांचा घेतो.

रूपरावजींनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, गेम हाये सर, काऊन अडून राह्यले. फार साधा माणूस.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहिली फेरी जिंकलो. दीड मिनिटात माझा रणगाडा उलटला, पण मी माइकवरून मार्गदर्शन चालू ठेवलं. उलटं पडल्यावर मैदानाचं आकलन वेगळंच होतं. बाकी तिघांनी शत्रूच्या चारही गाड्या फोडल्या. चांगल्या कॅप्टनची टीम कॅप्टनशिवायही चालते, असं म्हणतात. आमची फारच चांगली चालते.

१८ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६ वाजता

कैलासचा फोन. आधी तब्येत विचारली. मग सोयाबीनला शेंगा कशा भरल्या ते सांगितलं. मग पुन्हा तब्येत. शेवटी म्हणाला की सर, रूपरावजींच्या ट्रकमध्ये मागे तोफेवर एक जागा असते. तिथे बसून तुम्हाला सगळं मैदान दिसेल. गाडी चालवायचा तुम्हाला तरास नको.

मी म्हटलं, कॅप्टन मागे बसत नसतो.

त्याने तिसऱ्यांदा तब्येत विचारली. मग म्हणाला, बरं सर.

पोरगा अकरावीपासून मला शब्दाने दुखवत नाही. फोन ठेवताना मागून रक्षाचा आवाज आल्यासारखा वाटला. रक्षा देवळीत, हा वडनेरला. नेटवर्कची गडबड.

२१ सप्टेंबर, रविवार

दुसरा रिपोर्ट. बावन्न पानं आणि माझ्या सतरा उलटण्यांचा व्हिडिओ. उत्तर आलं, 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.'

बंद करण्यात आली, म्हणजे निर्णय झाला. मीरा म्हणाली, बंद म्हणजे बंद. ती बँकेत आहे. तिथे बंदचा अर्थ वेगळा होत असेल.

२४ सप्टेंबर, बुधवार

सेमीफायनल जिंकली! तिघांनी टेकडीला असा काही आडवा वळसा घातला, की समोरच्यांना तोफ वळवायलाही सवड मिळाली नाही. गाड्या लोण्यावरून सरकाव्यात तशा सरकत होत्या. याला आता जिल्ह्यात 'रूपराव वळण' म्हणतात. रूपरावजी हे सांगताना लाजले. पुन्हा दोनदा सांगितलं.

फायनल रोहणा गावच्या टीमशी. त्यांना हे वळण अजिबात जमत नाही. निम्म्या वेळा ते स्वतःच उलटतात. ती पोरं आपल्याले पायतील अन घाबरतील, असं कैलास म्हणाला.

मी या सामन्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकलो. झाडावर. रणगाडा दगडावरून उडून कडुनिंबाच्या फांदीत अडकला. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी लिहून विचारलं, ही काही योजना आहे का. मी हो म्हटलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

उद्या फायनल. मीराने माझा निळा शर्ट इस्त्री केला.

दुपारी दार लावून एक गुप्त प्रयोग केला. रूपरावजींच्या पद्धतीने गाडी चालवून पाहिली. सात वेळा. सातही वेळा उलटली. पद्धत अशास्त्रीय आहे हे सिद्ध.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.१०

घाईत लिहितो.

आज सकाळी अपडेट आला. आवृत्ती ५.३. सोबतच्या टिपेत लिहिलं आहे की जमिनीवरच्या गाड्यांचं घर्षण आणि ब्रेक दुरुस्त केले. खाली एक ओळ. 'सविस्तर रिपोर्टबद्दल खेळाडू कृष्णकांत_देवळी यांचे आभार.'

माझं नाव! जगभरातल्या फोनवर!

मीराने दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरातून साखर आणून माझ्या हातावर ठेवली. लग्नानंतर तिने माझ्याकडे असं पाहिल्याचं आठवत नाही.

टीमच्या ग्रुपवर टाकलं. तिघांनीही पाहिलं. कोणाचंच उत्तर नाही. भारावले असतील.

फायनलचा विचार करता हे फारच चांगलं झालं. त्या तिघांना आता सवय मोडावी लागेल. मला काहीच मोडायचं नाही. मी तीन आठवडे बरोबर होतो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५.३०, देवळीच्या बसमध्ये

हॉल भरला होता. दोनशे तरी माणसं. मीरा दुसऱ्या रांगेत. कैलास सोयाबीनची कापणी दोन दिवस थांबवून आला होता. रूपरावजींच्या पत्नी जयाबाईंनी सगळ्यांसाठी पुऱ्यांचा डबा दिला होता.

सामना सुरू झाला. रूपरावजींनी टेकडीपाशी आपलं वळण घेतलं. रस्ता आता पक्का धरत होता. आडवा सरकायचा तो ट्रक सरळ भिंतीत गेला. कैलासने सवयीने वळणाच्या खूप आधी वेगावरचा अंगठा काढला आणि गाडी भर चौकात उभी राहिली. तिथेच फुटली. रक्षाने घसरण्याची वाट पाहत स्टिअरिंग वळवलं. गाडी घसरलीच नाही. स्टिअरिंग होतं तिकडे, नदीत गेली. दोन आठवडे घडवलेले हात. एका मिनिटात तिघंही संपले.

राहिलो मी. घर्षण बरोबर. ब्रेक बरोबर. समोर सरळ रस्ता, दगड एकही नाही. मी माइकवर म्हणालो, माझ्यामागे या. मागे कोणी नव्हतं.

अकरा सेकंदांत कालव्यात.

सगळं मोठ्या पडद्यावर. कोणीतरी हसलं, मग बरेच जण.

रोहण्याची पोरं हात मिळवायला आली. त्यांनी विचारलं, अपडेटमध्ये नाव आलेले ते सर तुम्हीच का. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. तीन आठवडे त्यांची एक गाडी धड चालत नव्हती म्हणे. फार उपकार झाले, म्हणाले.

वर्धा स्टँडवर कैलास वडनेरला जायला हिंगणघाटच्या बसची वाट पाहत उभा होता. मी त्याला सांगायला लागलो की तत्त्व म्हणून माझा मुद्दा शेवटी सिद्धच झाला. त्याने सगळं ऐकून घेतलं. बस आली. पायरीवर एक पाय ठेवून तो वळला.

"सर, तुम्ही बरोबरच होते," तो म्हणाला. "तेच तं झालं."

रूपरावजी पुढच्या सीटवर बसलेत. ड्रायव्हर गिअर बदलतो तसा त्यांचा डावा हात थोडा हलतो. डबा कोणी उघडला नाही.

मीराने एकच विचारलं. रस्ता सरळ होता, तर तुम्ही वळत कुठे होता?

मी खिडकीबाहेर कापसाच्या शेतांकडे पाहतो आहे. पराटी बरी दिसते यंदा.

३० सप्टेंबर, मंगळवार

फायनलच्या पराभवाची कारणं: हॉलमधला उजेड. खुर्चीची उंची. निळा शर्ट, काखेत घट्ट.

वाचून पाहिलं. तिन्हीवर काट मारली.

संध्याकाळी रूपरावजींकडे गेलो. ते जास्वंदीला पाणी घालत होते. मी म्हटलं, कंपनीला तिसरा रिपोर्ट लिहितो, जुना रस्ता परत आणा म्हणून. त्यांनी झारी खाली ठेवून खरंच विचार केला.

"राहू द्या सर," ते म्हणाले. "रस्ता चांगला झाला तं चांगलाच म्हणायचा."

मग त्यांनी मला चहा दिला. मी घरी आलो आणि कॅप्टनपद रक्षाला देतो असं ग्रुपवर लिहिलं. मला वाटलं होतं कोणीतरी नाही म्हणेल. तिघांनीही अंगठा दाखवला. रूपरावजींनी दोन.

थोड्या वेळाने रक्षाने सांगितलं की तिघांचा एक वेगळा ग्रुप आहे, १४ तारखेपासून. आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून तिने मला त्यात घेतलं. आधीचे मेसेज दिसत नव्हते. एकाचा फोटो तिने वेगळा पाठवला. म्हणाली, हा तुम्ही वाचावा असं मला वाटतं.

कैलासचा होता. २८ तारीख, सकाळी ९.१५. 'आपलं वळण गेलं. पन सरले काई म्हनू नोका. लय खुश हायेत ते.'

बराच वेळ बघत बसलो. मीरा विचारत होती काय झालं. नेटवर्क, म्हटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी सोनं द्यायला रक्षा घरी आली. आपट्याचं पान हातावर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि नव्या कॅप्टनचा पहिला हुकूम सांगितला. गेममध्ये नव्या खेळाडूंसाठी ड्रायव्हिंगचे धडे असतात. ते मी पहिल्यापासून करायचे. पास झाल्याशिवाय टीममध्ये गाडी नाही. हे सगळं ती सर, सर म्हणतच बोलली.

मी म्हटलं, एकोणीस वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला हे दहा मिनिटांचं काम आहे.

दुपारी ३.००. धडा पहिला. सरळ रस्त्यावर शंभर मीटर जाणे. नापास.

दुपारी ३.२०. नापास.

दुपारी ४.०५. नापास. रस्ता तपासला. सरळ आहे.