किल्लेदाराची उडी

३ मार्च
नाही लिहिणार म्हणजे नाही! निर्मात्याला किल्लेदाराची उडी हवीय — घोड्यासकट, तटावरून थेट दरीत. शरण जाण्यापेक्षा मरण! चौकातला पुतळाही तसाच आहे. म्हटलं, आधी शोध, मग प्रसंग. तो हसला. महिनाअखेर उडी नसेल तर दुसरा लेखक, म्हणाला.
बघू.

४ मार्च
खोलीची भिंत रिकामी केली. पद्धत ठरली. त्या काळची लेखी नोंद असेल तर पांढरं कार्ड. ऐकीव असेल तर पिवळं. रचलेलं निघालं तर लाल — ते पटकथेत येणार नाही. प्रत्येक कार्डाखाली लिहायचं, कोणी सांगितलं. माझ्या लाडक्या प्रसंगांनाही सूट नाही.

९ मार्च
दप्तरखान्यात शिंका देऊन देऊन नाक सुजलं, पण पांढरी कार्डं मिळाली! किल्लेदाराने दरवाजा उघडला — आतल्या बायामुलांना सुखरूप जाऊ द्यायचं, या अटीवर. पुढे म्हातारा होऊन तापाने गेला. उडी नाहीच. घोडा कुठला? वेढ्यात घोडे केव्हाच खाऊन झाले होते.

जेवताना बाबांना सांगितलं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, वाटलं खूश होतील. ते ताटावरून उठले. "त्याला भ्याड ठरवून तुला काय मिळणार?"
भ्याड कोण म्हणतंय? मला तर तो आत्ता कुठे आवडायला लागलाय.

१० मार्च
बाबांचा अबोला. आई इकडचे निरोप तिकडे पोचवतेय, आणि मधल्या मध्ये दोघांवर चिडतेय.

१४ मार्च
ठीक आहे, उडीलाही न्याय देऊ. पिवळी कार्डं घेऊन गावभर फिरले. न्हावी, पोस्टमन, बँकेतली बाई — सगळ्यांना उडी तोंडपाठ. आणि सगळ्यांचा घोडा उडीआधी एकदा मागे वळून बघतो. सगळ्यांचा! हे काही मला पटेना. पोस्टमनच्या म्हाताऱ्या आजीला विचारलं, तर म्हणाली, "उडी? आमच्या वेळी नव्हती बाई ती."

१५ मार्च
निर्मात्याचा फोन. म्हटलं, मुळापर्यंत जातेय. मूळ कोण बघतंय, म्हणे. मी बघतेय!

१८ मार्च
शिंप्याकडे उडीचं नाव काढलं, तर कात्री खाली ठेवून हसत सुटला. "शाळेच्या नाटकात घोड्याचे मागचे पाय मीच होतो! पुतळा नंतर झाला." नाटक कोणी लिहिलं होतं, विचारलं. तो म्हणाला, "म्हणजे? सर घरी बोलले नाहीत कधी?"

सर म्हणजे बाबा. लहानपणी हीच उडी ऐकल्याशिवाय मी झोपायची नाही. घरी आले, भिंतीसमोर बसले. उडीचं पिवळं कार्ड काढून लाल लावायला हात होईना. मीच ना ती, सूट नाही म्हणणारी! फार वाईट वाटलं.

१९ मार्च
निर्मात्याला कळवून टाकलं — दरवाजा उघडणार, उडी नाही. तो म्हणाला, उडी दुसरा लिहील, तुझ्यावाचून काही अडत नाही. म्हणजे चित्रपट गेला. आईला सांगितलं. बाबा पेपरमागून ऐकत होते. नाटकाचं त्यांना काही विचारलं नाही.

२० मार्च
सकाळी उठून पाहते, तर उडीच्या जागी लाल कार्ड. खाली बाबांचं फळ्यावरचं वळणदार अक्षर — 'कोणी सांगितलं : मी.' बाबा दाढी करून, कोट चढवून दारात उभे. म्हणाले, "चल त्या निर्मात्याकडे. उडी माझी आहे. मी ती त्याला देत नाही."