कौतिकचे पाय

१९ जून १९३८

अक्का आली. तिच्या सासरचा, भडगावचा गडी तिला दारात सोडून, पाणीही न घेता स्टेशनाकडे वळला. माझा निकाल लागल्यापासून आबा दोन दिवस गल्लीभर सांगत फिरत होते — "आमच्या घरातली पहिली बी. ए., अन् तीबी पोरगी." अक्काला पाहून त्यांनी हातातला पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

तिच्या पदराखाली कौतिक. चार वर्षांचा झाला, तरी तान्ह्यासारखा दोन्ही हातांवर आडवा घ्यावा लागतो. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, टाचा वर ओढलेल्या. बोलतो ते फक्त अक्कालाच कळतं. डोळे मात्र सगळीकडे. माझ्या पेढ्यांकडे तर फारच.

दाजींचा निरोप गड्यानं खाली बघतच सांगितला. अखाजीपर्यंत, म्हणजे पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, पोरगं चालतं झालं तर दोघांना घेऊन जाऊ. नाही तर दुसरं लग्न करणार.

आई रडते आहे. अक्का रडत नाही. म्हणाली, "अखाजी लांब शे."

२० जून

ठरवलं. कौतिक चालणार. पदवी काय भिंतीवर टांगायला घेतली?

२ जुलै

कौतिकच्या पोटऱ्यांवर गोल काळे डाग आहेत. मला वाटलं गळवं. अक्का म्हणाली, "डागलंय. तापलेल्या सळईनं. सासूबाईंनी माणूस बोलावला होता."

"अगं, मग दवाखान्यात का नाही नेलंस?"

"कोण नेणार? कापूस वेचणीच्या दिवसांत बाई घराबाहेर कशी जाईल? अन् दवाखान्यात नेलं की गावाला दिसतं, पोरात काही आहे. डागलेलं घरातच राहतं."

आईचं म्हणणं, आता कोणी देवऋषी बघू. मी म्हटलं, आता धुळं बघू. आबा मध्ये पडले — "पोरीला शिकवलं ना? मग तिचं ऐका."

११ जुलै

धुळ्याला जाऊन आलो. चाळीसगावला गाडी बदलताना एक बाई म्हणाली, "केवढं हे मोठं तान्हं!" अक्कानं पदर आणखी ओढला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, बोलायला फटकळ. त्यांनी पायांना हात लावायच्या आधी बाळंतपणाचं विचारलं. अक्का दोन दिवस अडली होती. मूल निळं जन्मलं, फार उशिरा रडलं. बाई म्हणाल्या, "पायांत दोष नाही. जन्मताना मेंदूला इजा झाली. पायांना हुकूम नीट पोचत नाही."

मग त्यांनी चष्मा उलटा करून नाकावर ठेवला. कौतिक खदखदून हसला. "याला गंमत कळते. म्हणजे बाकीचंही कळतं." चार वर्षांत अक्काला हे कोणी सांगितलं नव्हतं! ती तिथंच खाली बसली.

मी विचारलं, "बरा होईल?"

"बरा नाही होणार. तरबेज होईल. पण मेहनत तुमची."

पहिली मेहनत ही — आडवा घेणं बंद. कडेवर घ्यायचा, दोन पाय दोन बाजूंना. तेवढा वेळ पाय फाकलेले राहतात. जितकं फिरवाल तितकं औषध.

अक्का हळूच म्हणाली, "कडेवर घेतला की सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे की," बाई म्हणाल्या.

१४ जुलै

आज अक्का कौतिकला कडेवर घेऊन मारुतीपर्यंत गेली. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली. सगळी गल्ली ओट्यावर. समोरच्या झुंबरबाईंनी अक्काला टोमणा मारलाच — "यशोदे, नवरदेव मिरवती का गं?"

अक्का म्हणाली, "हो ना. जेवायला ये वरातीला."

घरी आल्यावर मात्र तिनं आधी दार लावून घेतलं.

१५ जुलै

आज दोनदा गेली!

४ सप्टेंबर

टाचा खाली आणण्यासाठी धुळ्याला पायांना घातलेलं प्लास्टर आज तिथंच निघालं. आतून काड्यांसारखे पाय निघाले. मला रडू आलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "रडायचं असेल तर बाहेर."

आता रोज पाय ताणायचे, चोळायचे. परसात सरकीचं पोतं आडवं टाकलं आहे. त्यावर कौतिक घोड्यासारखा बसतो. बाईंनी दिलेल्या सूचना मी वाचते, अक्का करते. पहिल्या आठवड्यात मी वाचायची आणि ती थांबायची. आता माझं वाचून होण्याआधीच तिचे हात पुढं गेलेले असतात. कौतिक किंचाळतो तेव्हा मी बाहेर पळते. ती पळत नाही. त्याच्याशी भांडत भांडत पाय खाली आणते — "चावतो? चाव. पण पाय दे."

२४ ऑक्टोबर

दिवाळी. कौतिक पाटावर बसून जेवला. भिंतीला टेकून, पण बसून! अर्धी करंजी तोंडात, अर्धी जमिनीवर. आबा वाढलेलं पान सोडून त्याच्यासमोर जाऊन बसले.

१५ जानेवारी १९३९

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी भाषण केलं. 'अपंग बालकांची शुश्रूषा.' तक्ता काढला होता. बायकांनी ऐकलं, तिळगूळ घेतला, आणि एकजात सगळ्या परसात अक्काकडे गेल्या. "तेल कोणतं लावती? रडलं तर सोडून देती का?" झुंबरबाईंनी तर आपली नातच आणून तिच्या मांडीवर ठेवली. तिचाही एक हात आखडलेला आहे. समोरच राहतात, तरी मला माहीत नव्हतं!

तक्ता गुंडाळताना जरा राग आला. मग हसू आलं.

९ फेब्रुवारी

आबांनी परसात कौतिकच्या कमरेइतक्या उंचीवर दोन बांबू आडवे बांधून दिले. कौतिक त्यांना धरून उभा. गुडघे वाकतात, पुन्हा उभा.

भडगावहून निरोप — अखाजीनंतर तिसऱ्या दिवशी येतो. सोबत कळलं की पारोळ्याची एक मुलगी पाहून ठेवली आहे. आईचा घास तिथंच राहिला. अक्का बांबूंना तेल लावत होती, काटा लागू नये म्हणून.

१९ मार्च

चालला!! बांबू सोडून. अक्काकडे.

२१ एप्रिल

अखाजी. लिंबाला झोके बांधले, माहेरवाशिणींची गाणी चालली आहेत. कौतिक एकटा झोक्यावर बसला, दोऱ्या घट्ट धरून. आज आईनं पहिल्यांदाच अक्काची लुगडी नीट घडी करून बोचकं बांधायला घेतलं.

२४ एप्रिल

जिंकलो! आजच लिहायचं.

दाजी आले. सोबत अक्काचे सासरे अभिमन पाटील आणि एक चुलते. ओट्यावर बसले. पाटलांनी एवढंच विचारलं, "चालस का?"

मी कौतिकला खांबाशी उभं केलं. तो दारापर्यंत आला. डावी टाच टेकत नाही, कंबर झुलते, हात पंखासारखे — पण आला! आबांच्या डोळ्यांतून पाणी. चुलते म्हणाले, "आखो एकदाव चालाड त्याले." मी पुन्हा चालवलं. मग ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वळवून. दाजींनी खाली वाकून पाय पाहिले. "डावा लंगडस."

मी म्हटलं, "पण चालतो ना, दाजी?"

"चालस," दाजी म्हणाले. पाटलांनी मान हलवली. "उद्या निघू."

संपलं! ती पारोळ्याची मुलगी, ते निरोप, आईचं रडणं — सगळं संपलं. अक्का पूर्ण वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. आनंदानं बोलवलं नसेल. कौतिक घामानं भिजून जेवायच्या आधीच झोपला.

मी माझ्या सगळ्या आयुष्यात याहून मोठं काही करणार नाही.

२५ एप्रिल

टांगा स्टेशनाकडे गेला. अक्का गेली नाही. टांग्यात ठेवलेलं बोचकं तिनं स्वतः उतरवलं, सर्वांसमोर.

आबा म्हणाले, "बाई, ते न्यायला आले होते गं."

"बाजारात बैल असाच चालवून पाहतात, आबा. एकानंही पोराला उचलून घेतलं नाही."

मी विचारलं, "मग आता?"

"आता काय, शेवंते? डाव्या पायाचं राहिलंय ना अजून."