सुपातला पाऊस

बाई, काल आपल्या शाळेत मी पुन्हा पाऊस पाडला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण रिसोडच्या त्या शाळेचा व्हरांडा अजून तसाच थंड आहे, आणि जिथे तुम्ही सतरंजीवर पेटी घेऊन बसायच्या तिथली फरशी अजून जराशी खचलेलीच आहे. आठवी-नववीची पोरं याही वर्षी गाण्यांचं नाटक बसवतायत. तेव्हा आपल्याला पेटी घ्यायची होती, आता त्यांना माइक घ्यायचाय. वर्गणी मागायला ती माझ्या गादीच्या दुकानात आली तेव्हा मी सहज विचारलं, नाटकात पाऊस आहे का रे? आहे म्हणाली, मोबाइलवरचा. लावूनही दाखवला. कढईत भजी सोडल्यासारखा आवाज. मला काही राहवेना. घरातलं सूप काखेत मारलं आणि त्यांच्यामागोमाग शाळेत गेलो.

आपली पेटी भजनी मंडळाची, मागून आणलेली. एकादशी आली की ती परत जायची आणि तालीम बंद पडायची. म्हणून तर नाटकाला तिकीट लावून स्वतःची पेटी घ्यायचं ठरलं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, पैसे नका मागू, घरटी पसाभर धान्य मागा, त्याले कोनी नाई म्हनत नाई. आणि खरंच कोणी नाही म्हटलं नाही. या दारात सोयाबीन, त्या दारात तूर, पुढच्या दारात हरभरा. भरलेली ओंजळ पुढे आली की आम्ही पोतं पुढे करायचो. एकच पोतं! वर्गात निम्मी पोरं शेतकऱ्यांची, पण धान्य वेगवेगळं ठेवावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाजारात अडत्याने पोत्यात हात घातला, मूठ वर काढली आणि पोट धरून हसला. "काय खिचडी करून आनली रे पोट्टेहो? हे कोन घेईन? निवडून आना."

मग घराघरांतून सुपं आली. मी डोळे मिटले की अजून तो व्हरांडा दिसतो. दुपार कलतेय, आम्ही ओळीने बसून धान्य निवडतोय, तुमची पेटी वाजतेय आणि मी उभा राहून ढगाचं गाणं म्हणतोय. वाट चुकलेला ढग, ज्याला कुठलंच गाव आपलं म्हणत नाही. नाटकात तो ढग मीच होणार होतो. अब्बांनी दुकानातला सगळ्यात पांढरा कापूस बाजूला काढून ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "नाटक त्याहिचं राहीन, पर ढग तं आपल्या दुकानातलाच." आणि नेमका त्याच आठवड्यात माझा आवाज फुटला. वरच्या सुरावर गेलो की आवाज टरकन फाटायचा. पोरं हसायची. तुम्ही हसला नाहीत, पण पेटीवरचा तुमचा हात थांबायचा, आणि मला त्याचंच जास्त लागायचं. एक दिवस मी सूप घेऊन खांबाआड जाऊन बसलो. नुसतं हलवत होतो, निवडत काहीच नव्हतो.

"काहून रडून राह्यला रे?" तुम्ही मागे येऊन उभ्या होतात.

"बाई, आवाज गेला माझा."

 मान तिरकी करून कान देऊन ऐकत राहिलात. मला वाटलं माझं रडणं ऐकताय. तुम्ही सूप ऐकत होता. "थांबू नको. तसंच हालव. आता जरा हळू." बांबूच्या सुपावरून तूर घरंगळत होती, तिच्यामागे हरभरा. पोरं निवडायची थांबली. उन्हातल्या त्या व्हरांड्यात पाऊस पडू लागला, बाई. मला स्वतःला ओलं झाल्यासारखं वाटलं. तुम्ही म्हणालात, "ढग कोनीबी होईन. पाऊस तूच पाडशीन."

गाणं दुसऱ्या मुलाला गेलं. चांगला गायचा तो, खोटं कशाला बोलू. नाटकाच्या संध्याकाळी तो माझ्या अब्बांचा कापूस अंगावर घेऊन उभा आहे, मी पडदा म्हणून लावलेल्या चादरीमागे सूप घेऊन बसलोय, तुम्ही चादरीच्या पलीकडे, अगदी लागून, पेटीवर. मधल्या फटीतून तुमचा खांदा दिसतोय. ढग गायला लागतो, मी आधी तुरीची भुरभुर सोडतो, मग हरभऱ्याचे टपोरे थेंब. आणि मला राहवत नाही. गाणं माझं होतं हो! त्या आवाजाआड मी तोंडातल्या तोंडात गायला लागतो. तेवढ्यात तुम्ही वळता आणि तळहात वर उचलता. वाढव. थोड्या वेळाने पुन्हा, वाढव. माझे कान तापले. गाणं गेलंच होतं, आता पाऊसही धड जमेना. मी जीव तोडून सूप हलवलं. नंतर सगळे कौतुक करत होते. मागे बसलेली एक म्हातारी म्हणे वाळवण उचलायला उठली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाऊस बरा पडला रे." मी ते माझं मन राखणं समजलो. त्यानंतर चारचौघांत मी कधी गायलो नाही. लग्नाकार्यात पोरं गायला बसली की मी चपला सांभाळायला बाहेर.

काल नव्या बाईंनी मला आधी तालीम बघायला बसवलं. पेटीपाशी, तुमच्याच जागी. पडदा आता मखमलीचा आहे. त्याच्यामागे एका मुलीने गोळीचा कागद सोडला, तो चुरचुर मला ऐकू आला. कोणीतरी कुजबुजलं, तेही शब्दन् शब्द कळलं. मी तसाच बसून राहिलो. नव्या बाई दोनदा विचारून गेल्या, बरं वाटत नाही का?

तुम्ही ऐकलं होतं. माझा तो फाटका आवाज तुमच्या कानाशी होता, आणि तुम्ही मला गप्प केलं नाही. लोकांना ऐकू जाऊ नये, मला गाता यावं, म्हणून पाऊस वाढवायला लावलात. आणि मी इतकी वर्षं तुमचा तो हात मनात धरून बसलो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून दुकानातल्या कापसाखाली ठेवून देतो. पण एक सांगायचं आहे. काल तालमीत त्यांच्या नाटकातला ढग गायला लागला तेव्हा हात वर करायला तुम्ही नव्हता. पाऊस मीच वाढवला. त्याच्याआड मी काय केलं, ते तुम्हाला कळलं असेलच. वरच्या सुरावर आवाज अजूनही फाटतो, बाई.